आरशातला पिवळा रुमाल

३ मार्च

मामा,

नमस्कार वाकून करायचा असतो हे मला माहीत आहे. पण मी कॅबिनमध्ये बसून लिहितेय आणि इथे वाकलं की कपाळ स्टिअरिंगवर आपटून भोंगा वाजतो. आत्ताच वाजला. तेव्हा बसल्या बसल्या केलेला गोड मानून घे.

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. फोनवर मी ओरडणार, तू "काय?" म्हणणार, मी परत ओरडणार, आणि तुला सोडून अख्ख्या वसतिगृहाला माझी बातमी कळणार. इंजिनाने तुझे कान खाल्ले, डोळे तरी शाबूत आहेत ना? मग वाच.

तर आले एकदाची ट्रेलरच्या शाळेत. नऊ वर्षं इस्पितळाच्या चादरी वाहणारी व्हॅन चालवली, आता सोळा मीटरचं धूड माझ्या पाठीमागे. आम्ही अकरा जण आहोत. त्यात बायका दोन, एक मी आणि दुसरी आधी बेकरीत पाव भाजायची, तिला सगळे पाववालीच म्हणतात. शिकवणाऱ्याच्या तोंडात चोवीस तास शिट्टी असते, म्हणून तो शिट्टीमास्तर. मला पहिल्या दिवशी बघून तो म्हणाला, "सीटवर कुणीच दिसत नाही, गाडी आपोआप चालतेय का?" मी आता दोन उशा घेऊन बसते.

पुढे जायचं म्हणशील तर झकास जमतंय. घोडं अडलंय ते मागे जाण्यात. मास्तरने मैदानात शंकू मांडून खोटा डॉक केला, म्हणजे गोदामाचा तो उंच फलाट, जिथे ट्रेलरचं बूड टेकवून माल उतरवतात. मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, तर ट्रेलर निघाला उजवीकडे! मी घाबरून आणखी डावीकडे, तो आणखी उजवीकडे. शेवटी गाडीची अशी घडी पडली की मला माझ्याच ट्रेलरची मागची नंबरप्लेट खिडकीतून वाचता आली. शिट्टी इतकी वाजली की बाहेरून जाणारी माणसं थांबून बघायला लागली.

आता खरं सांगते. २४ मार्चला परीक्षा आहे. बारा मिनिटांत दोन भिंतींच्या मधल्या डॉकला ट्रेलर उलटा लावायचा. तीनदा बसता येतं. तिन्ही वेळा नापास झालं तर वर्षभर तोंड दाखवायचं नाही. कागदाच्या कारखान्याने माझ्यासाठी एक गाडी एप्रिल संपेपर्यंत राखून ठेवलीय, त्यानंतर ती दुसऱ्याची. म्हणजे मी परत चादरी वाहायला. आई तर आत्ताच म्हणतेय, "व्हॅन काय वाईट होती?" मामा, मला परत जायचं नाही. मला ही गाडी हवी आहे. तू कसा लावायचास ते सगळं लिहून पाठव, काही हातचं राखू नकोस.

आणि मामीला म्हणावं, तुझ्या गुडघ्याने आमचा एवढा मोठा उस्ताद सहा वर्षं घरी बसवून ठेवलाय. भरपाई म्हणून तिने तुला धरून पत्राला बसवावं.

तुझीच
टिंगू


८ मार्च

टिंगे,

आशीर्वाद पाठवतोय, पण ते ट्रेलरएवढे लांब आहेत. सावकाश मागे घे म्हणजे पोचतील.

तुझं पत्र मामीने फाटकावरच्या पेटीतून आणून दिलं. मी दोनदा वाचलं. नंबरप्लेटचा किस्सा वाचून इतका हसलो की शेजारचे काय झालं म्हणून बघून गेले.

आता कान देऊन वाच. पहिली गोष्ट, स्टिअरिंग वरून धरतेस ना? तिथेच सगळं फिसकटतं. हात खाली ठेव, घड्याळातल्या सहाच्या जागी. आता ज्या बाजूला ट्रेलरचं बूड न्यायचं त्या बाजूला हात सरकव. एवढंच. डोक्याला उलटसुलट हिशेब करायला लावू नकोस, हाताला करू दे.

दुसरी गोष्ट, थोडंसं वळव आणि वाट बघ. ट्रेलर सांगितलेलं ऐकतो, पण उशिरा ऐकतो. माझ्यासारखाच आहे म्हण. तू घाई करून दुसऱ्यांदा सांगायला गेलीस की दोन्ही एकदम ऐकतो आणि घडी पडते.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. उतरायचं नाही. एकतीस वर्षांत डॉकला गाडी लावताना मी कॅबिनमधून एकदाही खाली पाय ठेवलेला नाही. विचार कुणालाही. एका दमात गाडी लावतो म्हणून मला गोदामवाले एकटाकी म्हणायचे, एकटाकी! सारखा उतरून मागे जाऊन बघतो तो ड्रायव्हर कसला? त्याचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही असा त्याचा अर्थ. दोन आरसे आहेत, दोन डोळे आहेत, बास झालं.

तुझ्या आईकडे लक्ष देऊ नकोस. माझी बहीण आहे, मी ओळखून आहे. मी पहिल्यांदा ट्रेलर घेतला तेव्हाही ती म्हणाली होती, टेम्पो काय वाईट होता?

मामीला गुडघ्याचा निरोप सांगितला. ती भाजी चिरत होती, तशीच चिरत राहिली. तिसरी उशी मात्र पाठवतेय.

मामा


१५ मार्च

एकटाकी उस्ताद,

उशी मिळाली. आता मी इतकी उंच झालेय की मास्तरला मान वर करून शिट्टी मारावी लागते.

आणि मामा, हात खाली ठेवायची युक्ती! अरे, जादू आहे ती जादू! चार दिवस काही जमेना, पाचव्या दिवशी हातानेच माझ्या डोक्याला सांगितलं की तू गप्प बस. काल मी पहिल्यांदा ट्रेलर एका दमात मागे नेला. सरळ, संथ, दोन्हीकडे सारखी जागा, मागे फलाटाचं रबर अलगद टेकलं. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी खिडकीतून हात हलवला, अगदी मिरवणुकीत बसल्यासारखा.

तेवढ्यात मास्तर शांतपणे म्हणाला, "फारच छान. आता माल कुठून काढायचा?"

मी ट्रेलरची मागची दारं उघडलीच नव्हती! दारं बाहेरच्या बाजूला उघडतात आणि त्यांच्यावर फलाट टेकलेला. म्हणजे परत पुढे घ्या, उतरा, दारं उघडा, बाजूला अडकवा, आणि पहिल्यापासून सुरू. दुसऱ्यांदा अर्थातच नीट लागली नाही. पाववाली अजून हसतेय. रात्रीच्या जेवणापर्यंत तिला पुरेल असं वाटतंय.

तुझी तिसरी गोष्ट मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून काचेला चिकटवलीय, "उतरायचं नाही". मास्तरला ती अजिबात आवडलेली नाही. तो म्हणतो शंका आली की उतर, बघ, चढ. पाववाली तर ओव्हनमधला पाव फुगला का बघावं तशी पाच-पाच वेळा उतरते. मी नाही उतरत. मी कुणाची भाची आहे?

टिंगू


२० मार्च

टिंगे,

दारं बंद ठेवून डॉकला! काय म्हणावं तुला! माझं असं कधीच झालं नाही. मामीला वाचून दाखवलं तर ती एवढंच म्हणाली, "होतं असं." तिला काय कळतंय त्यातलं?

परीक्षेच्या दिवशी पोटभर जेवू नकोस. आरसे आधी पुसून घे. आणि तो कागद काचेवरून काढू नकोस.

मामा


२५ मार्च

मामा,

नापास.

काही आपटलं नाही, कुणाला लागलं नाही, फक्त वेळ संपला. उजव्या भिंतीपाशी ट्रेलरचा कोपरा आला आणि मला कळेना की किती अंतर उरलंय. आरशात एक हात वाटायचं, मग वीत वाटायची, मग परत हात. मी पुढे घेतलं, मागे आणलं, परत पुढे घेतलं. बारा मिनिटं झाली तेव्हा मी अजून अंदाजच घेत बसले होते. परीक्षक बाईंनी विचारलं, "उतरून का नाही बघितलं? त्याचे गुण कापत नाही आम्ही." मी म्हटलं आमच्या घरात उतरत नाहीत. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जाऊ दे.

पाववाली पास झाली. सहा वेळा उतरून. मला जरा तिचा रागच आला, आणि मग माझाच आला, कारण तिने मला मिठी मारली तर ती खरंच रडत होती.

पुढची तारीख ६ एप्रिल. सांग काय चुकलं?

टिंगू


३० मार्च

टिंगे,

तुझं काही चुकलं नाही. परीक्षक बाईचं चुकलं. बारा मिनिटांत काय भात शिजवायचाय का?

आमच्या गावातलं फर्निचरचं गोदाम तुला आठवतंय? एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी खांब, आणि मधे ट्रेलर शिरला की वारा शिरायला जागा नाही. भले भले ड्रायव्हर तिथे घाम पुसायचे. मी दहा-बारा वर्षं तिथे गाडी लावली. एका दमात. न उतरता. मी लावू शकतो तर तू का नाही? एकच रक्त आहे.

कचरू नकोस. कोपरा आरशात दिसला की दिसला, त्यावर विश्वास ठेव आणि जा मागे. उतरलीस तर मला तोंड दाखवू नकोस, जा.

मामा


७ एप्रिल

मामा,

विश्वास ठेवला आणि गेले मागे. डाव्या भिंतीलगत एक खांब होता, तो आरशात नव्हताच. मागचा दिवा फुटला, पत्रा आत गेला. परीक्षा चौथ्या मिनिटाला संपली.

तुझ्या हातात जे आहे ते माझ्या हातात नाही. शिकून येण्यातलं ते नसावं. १८ तारखेला शेवटची खेप आहे, पण बसूच नये असं वाटतंय. व्हॅनवाल्यांना फोन करून विचारणार आहे जागा आहे का. आईला अजून काही सांगितलेलं नाही.

काचेवरचा कागद काढला. तुझ्यावर राग नाही, माझीच लाज वाटते. उत्तर लिहू नकोस.

टिंगू


११ एप्रिल

टिंगू बाळा,

मी मामी. मला पत्र लिहायची सवय नाही, त्यातून हे केस कापायला गेलेत, तेवढ्यात उरकायचंय. डोक्यावर चार केस आहेत म्हणजे मला फार वेळ नाही.

तुझं पत्र आलं तेव्हापासून हे जेवत नाहीत नीट. सारखे म्हणतात, "डावा आरसा बाहेर काढला नसेल तिने." माझ्याच्याने आता ऐकवत नाही. म्हणून सांगते.

एकतीस वर्षांत हे डॉकला लावताना एकदाही उतरले नाहीत हे खरं आहे. अगदी खरं. कारण मी उतरायचे.

आमचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्याच वर्षापासून मी ह्यांच्याबरोबर गाडीवर जायची. घरी बसून करू काय, आणि मला आवडायचंही फिरायला. डॉक आला की मी खाली. आधी मागची दारं उघडायची. हो, ती दारं! ह्यांचं कधी झालं नाही कारण ती मी उघडायचे. मग मागे जाऊन उभी राहायची. डबा बांधायचा एक पिवळा रुमाल होता, तो हातात. डावीकडे हलवला की डावीकडे, उजवीकडे हलवला की उजवीकडे, डोक्यावर धरला की थांबायचं. आणि आमचा एकच नियम होता. मी आरशात दिसत नसले, कुठल्याही कारणाने दिसत नसले, तर गाडी जागच्या जागी थांबली पाहिजे. तो त्यांनी एकदाही मोडला नाही. मग गाडी टेकली की फलाटावरची माणसं म्हणायची, काय हात आहे! हे खिडकीतून हात हलवायचे.

कॅबिनला तीन पायऱ्या असतात हे आता तुलाही कळलं असेल. दिवसातून सहा-सात वेळा उतरायचं आणि चढायचं, उन्हात, पावसात. माझे गुडघे कशाने गेले असं तुला वाटतं?

गुडघ्यांनी हात टेकल्यावर मी घरी बसले. त्यानंतर हे तीन आठवडे एकटे गेले. एक दिवस दुपारीच परत आले, चावी खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "बास आता. तुझ्या गुडघ्याकडे कोण बघणार?" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. दोन दिवसांनी फर्निचरच्या गोदामाचा वॉचमन ह्यांची चौकशी करायला आला. हे झोपले होते. तो म्हणाला, खांब वाकला ते जाऊ द्या हो, माणसाला काही झालं नाही ना, मग एवढं मनाला लावून कशाला घ्यायचं?

मी ह्यांना कधी विचारलं नाही. सहा वर्षं झाली. येणारा-जाणारा म्हणतो, बायकोच्या गुडघ्यापायी माणसाने सोन्यासारखं काम सोडलं. मी चहा ठेवते. तूही लिहिलंस मागे, थट्टेत. लागलं थोडं. पण तुला काय माहीत?

ह्यांना वाईट समजू नकोस. हे खोटं बोलत नाहीत, ह्यांना खरोखरच वाटतं की ते एकटे लावायचे. आरशात बघणाऱ्याला रुमाल दिसतो, रुमाल धरणारी दिसतेच असं नाही.

तुझ्या मागे कुणी उभं नाही. तेव्हा तूच तुझी मामी हो. उतर, मागे जा, डोळ्यांनी बघ, परत चढ. दहा वेळा उतर. गुडघे तरुण आहेत तोवर उतरून घे.

व्हॅनवाल्यांना फोन केलास तर मात्र मी तिथे येऊन तुझे कान उपटीन.

मी लिहिलंय हे ह्यांना कळू देऊ नकोस. आले वाटतं. फाटक वाजलं.

मामी


१४ एप्रिल

मामी,

तुझं पत्र वसतिगृहाच्या पायरीवर बसून वाचलं आणि तिथेच भोकाड पसरलं. पाववाली पळत आली, तिला वाटलं कुणी गेलं. तिलाही वाचून दाखवलं, मग ती पण रडली. आम्ही दोघी तिथे बसून रडतोय आणि शिट्टीमास्तर लांबून शिट्टी मारावी की नको अशा विचारात.

गुडघ्यावरून बोलले, मला माफ कर. जीभ झडली असती तर बरं झालं असतं. आणि आई, मावशी, मी, सगळ्यांनी एवढी वर्षं तुला ऐकवलं. तू नुसता चहा देत राहिलीस! साखर तरी कमी घालायचीस.

फोन केलेला नाही. आज दिवसभर उतरले. मोजले नाहीत, पण जिना चढताना पाय थरथरत होते. मामी, मागून बघितलं की सगळं वेगळंच दिसतं ग! आरशात जो कोपरा भिंतीला चिकटलेला वाटतो तिथून माणूस चालत जाऊ शकतो. आणि जिथे भरपूर जागा वाटते तिथे नेमका खांब.

१८ ला माझी आठवण काढ.

तुझी टिंगू


१९ एप्रिल

मामा,

पास!

पास, पास, पास! आता ओरडून सांगितलं, तिथपर्यंत ऐकू आलं असेल.

दहा मिनिटं चाळीस सेकंद. दोन्ही बाजूंना वीतभर जागा. मागची दारं उघडी. आणि मामा, मी चार वेळा उतरले. रागवायचं तर रागव, तोंड दाखवू नको म्हणाला होतास तर घुंगट घेऊन येईन, पण उतरले. चौथ्यांदा उतरले तेव्हा परीक्षक बाई म्हणाल्या, "आज घरच्यांनी परवानगी दिली वाटतं?" मी म्हटलं, हो, घरच्यांनीच.

कारखान्याची गाडी मिळाली. हिरवी आहे, भोंगा भसाडा आहे, मी तिच्या प्रेमात पडलेय. आईला फोन केला तर ती म्हणाली, "व्हॅनपेक्षा उंच आहे का ग?" तिच्या मानाने हे फार झालं.

आता खरी गंमत ऐक. ६ मेला माझी पहिली खेप आहे, पुठ्ठ्याच्या पेट्यांची. कुठे माहितीय? तुमच्या गावात, त्या फर्निचरच्या गोदामात! भिंत आणि खांबाच्या मधे. मामा, तू ये. माझ्या मागे उभा राहा आणि मला सांग. मामीला एक खुर्ची टाकून दे. मला तुम्ही दोघं तिथे हवे आहात.

टिंगू


२४ एप्रिल

टिंगे,

अभिनंदन. आनंद झाला. मामीने शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं.

६ तारखेचं जमणार नाही. कान दुखतोय, डॉक्टर म्हणाले वाऱ्यात जाऊ नका. त्या गोदामात आता बघण्यासारखं काही राहिलेलं नाही. तू चार वेळा उतरतेस, तुला माझी काय गरज?

मामा


१२ मे

टिंगू बाळा,

हे पत्र लपून लिहिलेलं नाही. हे समोरच बसलेत.

६ तारखेला तू कॅबिनमध्ये होतीस, तेव्हा ट्रेलरच्या मागे काय झालं ते तुला कळलं नसेल. नंतर तर तू पेट्या उतरवून लगेच निघालीस. म्हणून सांगते.

सकाळी ह्यांनी कानात कापूस घालून ठेवला होता, आजारी दिसायला. मी चपला घातल्या, पिवळा रुमाल शोधून काढला आणि निघाले. घराच्या तीन पायऱ्या उतरायला मला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे. दुसऱ्या पायरीवर होते तेवढ्यात मागून हे खुर्ची घेऊन आले. "तू उभी कशी राहणार एवढा वेळ?" म्हणाले. कापूस तसाच कानात होता.

तो खांब अजून वाकलेलाच आहे. नुसता रंग मारलाय. हे त्याच्याकडे बघेनात. वॉचमनने नमस्कार केला तर ह्यांनी घड्याळात बघितलं.

तू पहिल्यांदा उतरून बघून गेलीस, माझ्याकडचा रुमाल घेऊन ह्यांना दिलास आणि वर चढलीस. मी खुर्चीवर. मग तो ट्रेलर आमच्याकडे यायला लागला. टिंगू, ह्यांनी आयुष्यभर ट्रेलर चालवला, पण तो अंगावर येताना कधी बघितला नव्हता! हे दोन पावलं मागे सरकले, मग आणखी दोन बाजूला, भिंतीच्या आड. आणि तू थांबलीस. अगदी जागच्या जागी.

हे म्हणाले, "का थांबली ही? एवढी जागा आहे की!"

मी मोठ्याने म्हटलं, "तुम्ही आरशात दिसत नाही म्हणून."

मग ते पुढे आले, रुमाल तुला दिसेल असा समोर धरला आणि गाडी टेकेपर्यंत हलले नाहीत. फलाटावरची माणसं तुला म्हणाली, काय हात आहे! तू म्हणालीस, हात माझा, रुमाल त्यांचा. तेव्हा ह्यांच्याकडे मी बघितलं, तू नव्हतंस बघितलं.

घरी आल्यावर चार दिवस गप्प. मला वाटलं खरंच कान दुखतोय. परवा मी पेटीतून टपाल आणलं, तर त्यात माझ्या नावाचं एक पत्र. अक्षर ह्यांचं! एकाच घरात राहतो आम्ही, एकाच टेबलाशी जेवतो, आणि ह्या माणसाने तिकीट लावून पत्र पोस्टात टाकलं. खाली उतरवून काढतेय. ह्यांना विचारलं टिंगूला पाठवू का, तर म्हणाले, पाठव, तिच्यासमोरच फुशारक्या मारल्या होत्या.

"अगं,

हे तोंडाने सांगता आलं असतं. पण तू भाजी चिरत असतेस, आणि तू काही म्हणालीस तर मला नीट ऐकू येणार नाही, आणि परत सांग असं मला म्हणवणार नाही.

त्या दिवशी गोदामात मी एकटा होतो. मागे गाडी घेताना सवयीने आरशात बघितलं. तू नव्हतीस. तू घरी आहेस हे मला माहीत होतं, तरी मी तुला शोधलं. आपला नियम काय होता? तू दिसली नाहीस की थांबायचं. सगळी वर्षं पाळला. त्या दिवशी मी थांबलो नाही. उतरून बघायला मला लाज वाटली. सगळे एकटाकी म्हणत होते ना.

खांब वाकला आणि मी घरी येऊन तुझ्या गुडघ्याचं नाव सांगितलं. तू सहा वर्षं ते ऐकून घेतलंस. तुला माहीत होतं हे मला त्या दिवशी खुर्चीवरचा तुझा चेहरा बघून कळलं.

काल तू झोपली होतीस तेव्हा कोपऱ्यावर जाऊन ताईला फोन केला. ओरडून सांगितलं, सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असेल. म्हटलं, मी काम सोडलं ते माझ्या चुकीने. हिचे गुडघे गेले ते माझ्या वाटचं उतरून उतरून. आता कुणी तुला काही म्हणालं तर मी बघून घेईन.

ट्रेलर मागून एवढा मोठा दिसतो हे तू मला कधी सांगितलं का नाहीस? आणि त्याच्यासमोर उभी राहून तू हसायचीस.

तुझा"

पुढे नाव घातलेलं नाही. घालायचं काय, म्हणा.

मी पत्र वाचून आत गेले आणि विचारलं, "तिकीट कशाला वाया घालवलंत?" तर म्हणाले, "काय?" मी काही परत विचारलं नाही.

रुमाल धुऊन ह्याच पाकिटात घातलाय. कॅबिनमध्ये अडकव. उतरायचं सोडू नकोस.

एवढं लिहून होतंय तोवर पोस्टमनने फाटकाशी घंटा वाजवली. मी नेहमीप्रमाणे टेबलाला हात टेकून उठत होते. हे चष्मा काढून ठेवत म्हणाले, "तू बस. मी उतरतो."

मामी